संगणक ‘परवानगी नाही’ म्हणतो तेव्हा
(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



समितीचा नियम असा की प्रत्येकानं आपल्या कामधंद्यातलं, दुसऱ्याच्या उपयोगी पडेल असं काहीतरी सांगायचं. आत्ताच आपल्या डॉक्टर मित्रानं गुडघ्यांबद्दल सांगितलं आणि अर्ध्या हॉलनं आपापल्या गुडघ्यावर हात ठेवले. कांद्याच्या साठवणुकीवर बोलणाऱ्याला खाली बसवायला दोनदा चिठ्ठी पाठवावी लागली. माझ्याकडं एवढा रंगतदार विषय नाही. मी संगणक बसवून देतो आणि बिघडलेले दुरुस्त करतो. तेव्हा आपल्याच वर्गाच्या ग्रुपवरून मला सगळ्यात जास्त वेळा जो प्रश्न येतो, त्यावरच बोलतो.

प्रश्न असा असतो. “अरे, पोरीला नवा लॅपटॉप घेतला. सॉफ्टवेअर टाकतोय तर ‘ॲक्सेस डिनाइड’ म्हणतोय. पैसे मी भरले, बिल माझ्या नावावर, आणि मलाच परवानगी नाही?”

राग बरोबर आहे. पण एक गोष्ट लक्षात घ्या. संगणकासमोर तुम्ही बसलेले असता, काम मात्र प्रोग्रॅम करत असतो, आणि ते तो तुमच्या नावानं करतो. आता समजा, तुमच्या नावानं एखादा माणूस तलाठ्याकडं गेला आणि म्हणाला, “मालकानं सांगितलंय, या गटाला माझंही नाव लावा.” तलाठ्यानं मालकाला विचारायला नको का? संगणक तेवढंच विचारतो. विचारण्याची त्याची पद्धत जरा तुसडी आहे, एवढाच दोष.

आपण सगळे शेतकऱ्यांची पोरं, म्हणून मी हे नेहमी सातबाऱ्यावरून समजावतो. संगणकातल्या प्रत्येक फाइलला आणि प्रत्येक फोल्डरला एक सातबारा असतो. त्यावर मालकाचं नाव असतं. खाली इतर हक्कांचा रकाना असतो: हिला नुसतं वाचता येईल, त्याला लिहिता येईल, तिसऱ्याला चालवता येईल, चौथ्याला बांधावरूनच परत जावं लागेल. फोल्डरला हक्क लावला की आतल्या फायलींना तो वारसानं मिळतो. विंडोजमध्ये या गोष्टीला इंग्रजीतही वारसा असाच शब्द आहे. आणि मालक बदलायचा तर फेरफार करावा लागतो. एवढं समजलं की निम्मे घोटाळे आपले आपल्याला सोडवता येतात.

ही भानगड मुळात आली कुठून? १९६० च्या दशकात संगणक एका खोलीएवढा असायचा आणि एकच यंत्र बरेच जण वाटून वापरायचे. अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेत फर्नांडो कॉर्बातो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशी वाटून वापरायची एक व्यवस्था १९६१ मध्ये करून दाखवली. एकाच्या फायली दुसऱ्याला दिसू नयेत म्हणून तिथं पासवर्ड आला. पुढं तिथंच एक गंमत झाली. दोन व्यवस्थापक एकाच वेळी दोन वेगळ्या फायली दुरुस्त करत होते. एक फाइल रोजच्या सूचनेची, दुसरी सगळ्यांच्या पासवर्डची. दुरुस्ती चालू असताना बनणाऱ्या तात्पुरत्या फायलींना दोघांकडं एकच नाव होतं, त्यामुळं अदलाबदल झाली. त्यानंतर जो कोणी संगणकावर आला त्याला स्वागताच्या सूचनेऐवजी सगळ्यांच्या पासवर्डची यादी छापून मिळाली. म्हणजे फळ्यावर सुविचाराच्या जागी सगळ्यांचे मार्क लिहावेत तसं.

१९६९ मध्ये बेल लॅब्जमध्ये केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी युनिक्सचं काम सुरू केलं. त्यातून फार सुटसुटीत हिशोब रूढ झाला. माणसांचे तीन प्रकार: मालक, मालकाचा गट आणि बाकीचं जग. कामाचे तीन प्रकार: वाचणं, लिहिणं, चालवणं. वाचण्याचे ४ गुण, लिहिण्याचे २, चालवण्याचा १. मालकाला तिन्ही दिले की ४ अधिक २ अधिक १, सात. लिहिणं सोडून बाकी दोन दिले की पाच. म्हणून ७५५ म्हणजे मालकाला सगळं, गटाला आणि जगाला फक्त वाचणं आणि चालवणं. आपल्या गणिताच्या सरांनी हे एका तासात शिकवलं असतं आणि दुसऱ्या दिवशी चाचणी घेतली असती. आज लिनक्स, मॅक आणि तुमच्या खिशातला अँड्रॉइड फोन याच घराण्यातले. अँड्रॉइडमध्ये तर प्रत्येक ॲपला आतून वेगळा वापरकर्ता धरलेलं असतं, म्हणून व्हॉट्सॲपला तुमच्या कॅमेऱ्याला हात लावायचा तर तुम्हाला विचारावं लागतं.

आणि ७७७? ते गायरान. कुणीही या, चरा, खणा, मुरूम न्या. ज्यांची मुलं पुण्यात इंजिनिअरिंगला आहेत त्यांनी घरी एवढा निरोप द्या: काही अडलं की इंटरनेटवर कुणीतरी ‘सीएचमॉड ७७७’ सुचवतो, ते सगळ्या डिस्कवर मारू नका. अख्खा संगणक गायरान केला की सुरक्षिततेची साधनंच काम थांबवतात. ‘सुडो’ ही मोठ्या अधिकारानं काम करायची आज्ञा स्वतःची नियमावली सगळ्यांना बदलता येतेय असं दिसलं की चालायचं नाकारते. दूरच्या संगणकाशी जोडणारा एसएसएचसुद्धा उघडी पडलेली किल्ली घेत नाही. मुलांची मूळ अडचण बहुतेक वेळा वेगळी असते. एकदा कधीतरी ‘सुडो’ लावून पायथनचं काहीतरी बसवलेलं असतं, त्या फायलींचा मालक ‘रूट’ झालेला असतो, आणि पुढच्या वेळी साध्या नावानं गेलं की दार बंद. तिथं मालकी परत आपल्या नावावर करायची, त्याची आज्ञा ‘सीएचओन’. फेरफार करायचा, गायरान करायचं नाही.

आता विंडोजकडं येतो, कारण इथं बसलेल्या बहुतेकांच्या घरी आणि दुकानात तेच आहे. विंडोज ९८ ज्यांनी वापरलं त्यांना आठवेल, पासवर्डची चौकट आली की एस्केपचं बटण दाबायचं, थेट आत. त्या काळच्या घरगुती विंडोजमध्ये फाइलला मालकच नव्हता. कार्यालयांसाठीच्या विंडोज एनटीमध्ये १९९३ पासून एनटीएफएस नावाची पद्धत होती, तिच्यात सातबारा होता. २००१ मध्ये एक्सपी आलं आणि ती पद्धत घराघरात पोचली, पण पोचली ती नावापुरती. घरातला प्रत्येक जण जन्मतः प्रशासक. प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांनाही तीच सवय लागली. जिथं प्रोग्रॅम बसवला त्याच फोल्डरमध्ये हिशोबाची फाइल, तिथंच सेटिंग, तिथंच सगळं. २००७ च्या जानेवारीत व्हिस्टा बाजारात आलं आणि ही मोकळीक संपली. तुम्ही प्रशासक असलात तरी रोजचं काम साध्या अधिकारानं होणार. मोठं काम निघालं की पडदा अंधारणार आणि परवानगी विचारणार. लोकांनी व्हिस्टाला फार शिव्या दिल्या. त्यातल्या काही योग्य होत्या, पण ही शिवी मला कधी पटली नाही.

अडचण झाली ती जुन्या प्रोग्रॅमची. ‘प्रोग्रॅम फाइल्स’ या फोल्डरमध्ये लिहायची त्यांची सवय, आणि तिथं आता साध्या माणसाला लिहायला बंदी. सगळे जुने प्रोग्रॅम एकदम बंद पडले असते. म्हणून मायक्रोसॉफ्टनं एक मखलाशी केली. जुना ३२-बिट प्रोग्रॅम तिथं लिहायला गेला की विंडोज त्याला ‘लिहिलं’ असं सांगतं, आणि फाइल गुपचूप दुसरीकडं ठेवतं. जो माणूस बसलाय त्याच्या खासगी जागेत, ‘ॲपडेटा’च्या आत ‘लोकल’, त्याच्या आत ‘व्हर्च्युअलस्टोअर’. प्रोग्रॅमला पत्ता लागत नाही आणि माणसाला तर नाहीच नाही.

यावरून आपल्याकडं काय झालं ते सांगतो. नावं सांगत नाही, बाजारातली माणसं इथंच बसलेली असतील. कांद्याचा एक आडतदार. हंगामाच्या तोंडावर नवा संगणक घेतला. शेतकऱ्यांच्या पट्ट्या करायचा जुना प्रोग्रॅम होता, कुणीतरी कधी काळी लिहून दिलेला. तो बसवला आणि चाललाही. दिवसभर मुलगा त्याच्या लॉगिननं पट्ट्या भरायचा: वजन, भाव, आडत, हमाली, तोलाई. रात्री वडील त्यांच्या लॉगिननं बसायचे, तर एकही पट्टी नाही. वडील म्हणायचे पोरगं मोबाइल बघत बसतं, मुलगा म्हणायचा पप्पांना उघडता येत नाही. चार दिवस घरात अबोला. मग कुणीतरी सल्ला दिला, ‘रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर’ करून उघडत जा. मुलानं तसं उघडलं आणि त्याच्याही सगळ्या पट्ट्या गायब! शेतकरी दारात, पैसे द्यायचे, आणि हिशोब नाही. तेव्हा मला फोन आला.

एकही पट्टी गेलेली नव्हती. मुलाच्या नोंदी मुलाच्या व्हर्च्युअलस्टोअरमध्ये होत्या. वडिलांनी वैतागून भरून बघितलेल्या दोन-चार नोंदी त्यांच्या व्हर्च्युअलस्टोअरमध्ये. आणि मूळ फोल्डरमध्ये पहिल्या दिवशीची कोरी फाइल. प्रशासक म्हणून प्रोग्रॅम उघडला की ही मखलाशी बंद होते आणि प्रोग्रॅम खरोखरच्या फोल्डरमध्ये बघतो, तिथं ती कोरी फाइल दिसते. एका घरात तीन वह्या झाल्या होत्या आणि प्रत्येकाला वाटत होतं की आपलीच खरी. मी आधी प्रोग्रॅम बंद केला आणि तिन्ही फायलींच्या प्रती पेनड्राइव्हवर घेतल्या. तारखा बघून मुलाची वही खरी ठरवली, वडिलांच्या नोंदी हातानं तिच्यात भरल्या. मग प्रोग्रॅम ‘प्रोग्रॅम फाइल्स’मधून काढून सी ड्राइव्हवर वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवला, आणि त्या एकाच फोल्डरला संगणकावरच्या सगळ्या वापरकर्त्यांना बदल करायचा हक्क दिला. विंडोजमध्ये तो ‘मॉडिफाय’ या नावानं असतो. ‘फुल कंट्रोल’ द्यायची गरज नव्हती, दिला नाही. पाऊण तासाचं काम. अबोला सुटायला जास्त वेळ लागला म्हणे.

जुना प्रोग्रॅम नव्या संगणकावर टाकणाऱ्या प्रत्येक दुकानदारानं हे लक्षात ठेवावं. नोंदी ‘गेल्या’ असं वाटलं तर आधी व्हर्च्युअलस्टोअर बघा, पुन्हा इन्स्टॉल नंतर करा. बरेच जण उलटं करतात.

बाकी नव्या संगणकावर काही बसत नसेल तर मी फोनवर काय काय विचारतो, ते भराभर सांगतो. पहिलं, संदेश पूर्ण वाच आणि फोटो पाठव. ‘काहीतरी एरर आली’ यावरून मला काही कळत नाही, पण संदेशात बहुतेक वेळा फोल्डरचा पत्ताच दिलेला असतो. दुसरं, तू कोणत्या खात्यानं बसलायस? मुलांच्या खात्यावरून काही बसणार नाही, ते योग्यच आहे. तिसरं, लॅपटॉप ‘एस मोड’मध्ये आहे का? काही नवे लॅपटॉप तसेच येतात. त्यांच्यात फक्त मायक्रोसॉफ्टच्या दुकानातली ॲप्स चालतात. त्यातून बाहेर पडायला पैसे लागत नाहीत, पण एकदा बाहेर पडलं की परत आत जाता येत नाही. चौथं, फाइल इंटरनेटवरून किंवा कुणाच्या मेलवरून आली का? मग तिच्या ‘प्रॉपर्टीज’मध्ये खाली ‘अनब्लॉक’ असं एक छोटं खूण करायचं खोकं असतं. झिप फाइल असेल तर हे उलगडण्याआधी करायचं. अर्थात फाइल कुणी दिली याची खात्री असेल तरच. मग राइट क्लिक करून ‘रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर’. हे बसवण्यापुरतं, रोज उघडण्यासाठी नाही. गवंड्याला घर बांधताना किल्ली देतो, वास्तुशांत झाल्यावर परत घेतो, तसं.

‘डॉक्युमेंट्स’मध्ये प्रोग्रॅमला सेव्ह करता येत नसेल, तर विंडोज सिक्युरिटीमध्ये ‘कंट्रोल्ड फोल्डर ॲक्सेस’ नावाचं एक कुंपण कुणी चालू केलंय का बघा. ते काढून टाकू नका, त्या एका प्रोग्रॅमला तिथून आत सोडा. लॅपटॉप कंपनीनं दिलेला असेल तर मला फोनच करू नका, कंपनीच्या माणसाला करा. त्याचा सातबारा कंपनीच्या नावावर आहे. आणि फुकटात मिळालेलं चोरीचं सॉफ्टवेअर जेव्हा ‘आधी अँटीव्हायरस बंद करा’ असं सांगतं, तेव्हा ते का सांगतं याचा विचार करा. मी त्या कामाला येत नाही, हे ग्रुपवर सगळ्यांना माहीत आहे.

आता ज्या कामासाठी खरं तर मी आज माइक मागून घेतला, ते सांगतो.

आपले मराठीचे सर. नाव घ्यायची गरज नाही. निवृत्तीनंतर सरांनी संगणक घेतला, मराठी टायपिंग शिकले आणि रोज सकाळी दोन तास टाइप करत बसायचे, हे केडगावात राहणाऱ्यांना माहीत आहे. काय टाइप करायचे ते मात्र काकूंशिवाय कुणाला माहीत नव्हतं. सर गेले आणि संगणक कापड टाकून तसाच राहिला. स्मरणिकेचं ठरलं तेव्हा समितीनं काकूंना विचारलं, सरांचं काही लिखाण आहे का. काकू म्हणाल्या, सगळं त्या डब्यात आहे, पण तो सुरूच होत नाही. एका दुकानात दाखवला होता, तिथं सांगितलं की यातलं काही निघणार नाही, डिस्क फॉरमॅट करून दुसऱ्या कामाला वापरता येईल. काकूंनी तो उचलला आणि घरी परत आणला. त्यांच्या या हट्टाचे आपल्यावर उपकार आहेत.

मदरबोर्ड गेला होता, डिस्क चांगली होती. आधी मी पूर्ण डिस्कची जशीच्या तशी प्रत काढली आणि मूळ डिस्क कागदात गुंडाळून ठेवून दिली. जुन्या डिस्कवर थेट काम करायचं नसतं, तिचा भरवसा नसतो. प्रत नव्या लॅपटॉपला जोडली. विंडोज एक्सपी, सरांच्या नावाचा फोल्डर. उघडायला गेलो तर तेच: परवानगी नाही.

झालं होतं ते असं. एक्सपीमध्ये पासवर्ड ठेवला की संगणक विचारायचा, तुमच्या फायली खासगी करू का? सरांनी हो म्हटलेलं दिसत होतं. आणि विंडोज माणसाला नावानं ओळखत नाही. प्रत्येक खात्याला एक लांबलचक क्रमांक असतो, एस-१-५-२१ पासून सुरू होणारा. मी नव्या लॅपटॉपवर सरांच्याच नावाचं, त्याच स्पेलिंगचं खातं उघडलं असतं तरी उपयोग नव्हता, त्याचा क्रमांक वेगळा. सरांच्या फोल्डरच्या ‘सिक्युरिटी’ पानावर मालकाच्या जागी नुसता तो आकडा दिसत होता आणि त्याच्यापुढं ‘अनोळखी खातं’. मयत खातेदाराचा सातबारा, वारस नोंद न झालेला.

मग वारस नोंद केली. फोल्डरवर राइट क्लिक, ‘प्रॉपर्टीज’, ‘सिक्युरिटी’, ‘ॲडव्हान्स्ड’, तिथं ‘ओनर’पुढं ‘चेंज’. नवं नाव घालायचं आणि खालच्या खोक्यात खूण करायची, म्हणजे आतल्या सगळ्या फोल्डरांनाही तोच मालक लागतो. हे करायला प्रशासकाचं खातं लागतं. एकदा मालक झालं की वाचायचा हक्क आपण स्वतःला देऊ शकतो. हे फक्त त्या एका फोल्डरवर, आणि तेही प्रतीवर. उत्साहाच्या भरात कुणी अख्ख्या सी ड्राइव्हचा किंवा ‘विंडोज’ फोल्डरचा मालक बदलू नका. तिथला मालक ‘ट्रस्टेडइन्स्टॉलर’ असतो आणि तो तिथंच असू द्यावा. मग फायली नव्या लॅपटॉपवर कॉपी करायच्या. दुसऱ्या डिस्कवर कॉपी केलेली फाइल नव्या घराचे नियम घेते, जुने मागं राहतात.

फोल्डर उघडला. आत दोनच गोष्टी होत्या. एक, शाळेच्या सगळ्या बॅचच्या आठवणी, अर्धवट. आणि दुसरी, जात्यावरच्या ओव्या. सरांनी गावात आणि वाड्यावस्त्यांवर फिरून बायकांकडून लिहून घेतलेल्या. प्रत्येक ओवीखाली सांगणारीचं नाव, वस्ती, आणि ‘इयत्ता अमुक, तमुकची आई’ अशी नोंद. म्हणजे आपल्या आया. इथं बसलेल्यांच्या.

पण हे लगेच कळलं नाही. फाइल उघडली तेव्हा पडद्यावर नुसता इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा खच होता. युनिकोड रुळण्याआधी मराठी टायपिंगची जी सॉफ्टवेअर होती, ती इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी चित्रं बसवायची. तो फॉन्ट असेल तर मराठी, नसेल तर कचरा. काकूंच्या कपाटात सीडी सापडली, सरांनी विकत घेतलेली, पावतीसकट. फॉन्ट बसवला, मला वाचता आलं. पानं लावणाऱ्या मित्राच्या संगणकावर मात्र त्याच्या प्रोग्रॅमला फॉन्ट दिसेना. डीटीपीचं काम करणारे इथं दोघे-तिघे आहेत, त्यांच्यासाठी सांगतो. विंडोज १० च्या २०१८ च्या आवृत्तीपासून फॉन्टवर नुसतं ‘इन्स्टॉल’ म्हटलं की तो तुमच्या एकट्याच्या खात्यापुरता बसतो, आणि काही जुने प्रोग्रॅम त्या जागेत बघतच नाहीत. राइट क्लिक करून ‘इन्स्टॉल फॉर ऑल यूजर्स’ घ्यायचं. परवानगी विचारेल, द्यायची. हे ठाऊक नसल्यानं माणसं नवा संगणक परत करायला निघालेली मी पाहिली आहेत.

मग सगळं युनिकोडमध्ये बदललं. बदलणारं यंत्र हुशार असतं पण अडाणीही असतं. जुन्या फॉन्टमध्ये पहिली वेलांटी अक्षराच्या आधी टाइप व्हायची, रफार नंतर, त्यामुळं ऱ्हस्व वेलांट्या भलत्या अक्षरावर जाऊन बसल्या. तपासायला आपल्या वर्गातल्या पाच जणी तीन रविवार काकूंच्या ओसरीवर बसल्या. मी फक्त लॅपटॉप घेऊन शेजारी. त्यांनी मूळ वही मागितलीच नाही. एकीनं निम्मी ओळ वाचायची आणि दुसरीनं पुढची म्हणायची. सरांनी लिहून घेतलेला एक शब्द तिघींनी मिळून चुकीचा ठरवला. म्हणाल्या, आमच्या वस्तीवर असं म्हणत नव्हते, सरांना ऐकू नीट आलं नसेल. आम्ही सरांचा शब्द ठेवून खाली त्यांचा शब्द दिलाय. मधेच एकीला तिच्या आईची ओवी लागली, आईच्या नावासकट. तिनं ती वाचली नाही, लॅपटॉप शेजारणीकडं सरकवला. त्या दिवशी पुढं काम झालं नाही.

आपल्या गावात अक्षरं जुळवायचं काम बायकांनी आधीही केलंय. पंडिता रमाबाईंनी मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून केलेलं मराठी बायबल इथल्याच मुक्ती मिशनच्या छापखान्यात, तिथल्या मुलींनी खिळे जुळवून छापलं. ओसरीवर बसल्या बसल्या हे काकूंनीच आठवण करून दिलं.

आता जरा काळजीची गोष्ट. सरांची डिस्क उघडली, कारण तिच्यावर फक्त परवानगी होती, कुलूप नव्हतं. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. परवानगी म्हणजे सातबाऱ्यावरची नोंद. ती पाळायची की नाही हे त्या वेळी चालू असलेली व्यवस्था ठरवते. तीच डिस्क पेनड्राइव्हवरून चालवलेल्या लिनक्सला जोडली असती तर त्यानं बहुधा काही न विचारता सगळं दाखवलं असतं. कुलूप म्हणजे सांकेतिकीकरण, त्यात अक्षरंच बदललेली असतात आणि किल्लीशिवाय ती कुणालाही लावता येत नाहीत. आज जे नवे लॅपटॉप येतात, त्यांच्यावर मायक्रोसॉफ्टचं खातं जोडलं की हे कुलूप पुष्कळदा आपोआप लागतं. चोरी झाली तर ते चांगलंच. पण मदरबोर्ड गेला, खात्याचा पासवर्ड कुणाला माहीत नाही, आणि माणूसही राहिला नाही, तर मी काही करू शकत नाही. दुसराही कुणी करू शकत नाही. सरांचा संगणक आजचा असता तर आपल्या आयांच्या त्या ओव्या गेल्या असत्या.

म्हणून घरी गेल्यावर आजच एक काम करा. ‘बिटलॉकर’ची ४८ आकडी रिकव्हरी की तुमच्या मायक्रोसॉफ्टच्या खात्यात ठेवलेली सापडेल. ती कागदावर उतरवा, आकडे दोनदा ताडून बघा, आणि कागद जिथं जमिनीचे कागद ठेवता तिथं ठेवा. तो कुठं ठेवलाय हे घरातल्या आणखी एका माणसाला सांगा. फोनमध्ये फोटो काढून ठेवला तर फोन हरवल्यावर तोही जातो.

ओव्या स्मरणिकेत येणार आहेत. पानं लावून झाली आहेत, पण छपाईला जायला अजून आठवडा आहे. मागच्या टेबलावर छापील कच्ची प्रत ठेवली आहे. अकरा ओव्यांखाली सरांनी सांगणारीचं नाव लिहिलेलं नाही, फक्त वस्ती दिली आहे. त्या पानांना मी पिवळी चिठ्ठी लावली आहे. कुणाला ओळखू आली तर बाजूला पेन्सिलनं नाव लिहा, आणि शंका असेल तर काकू पहिल्या रांगेतच बसल्या आहेत, त्यांना विचारा. लॅपटॉप घेऊन आलेल्यांनी जेवणानंतर संगणक कक्षात या. मी चार वाजेपर्यंत आहे, नंतर मला पुण्याची गाडी आहे.